पाच गावच्या बॅटऱ्या

१७ नोव्हेंबर १९५८, सोमवार

आज डायनामो फिरला! तीन आठवडे निसटून माझ्या अंगावर येणारा पट्टा आज इंजिनाच्या चाकावर गपगुमान बसला, ॲमीटरची, म्हणजे वीज मोजायच्या तबकडीची, सुई थरथरली आणि पाचावर जाऊन थांबली. चांगदेवदादा, म्हणजे माझा चुलतभाऊ आणि या भातगिरणीचा मालक, लांब उभा राहून म्हणाला, "दयाराम, माजा इंजिन भात भरडाला हाय, बिजली पाडाला न्हाय." पण हसत होता. डायनामो मोडीतल्या ट्रकचा, ॲमीटर चोरबाजारातला, अक्कल माझी.

कशासाठी चाललंय हे सगळं, ते एकदा लिहून ठेवतो. गिरगावातल्या बॅटरीच्या दुकानात बिनखिडकीच्या खोलीत नऊ वर्षं ॲसिडची वाफ गिळली. शेवटी डॉक्टर म्हणाले, आणखी दोन वर्षं इथे काढलीस तर छाती राहणार नाही. म्हणून गावी आलो. इथे गिरणीच्या पडवीला तिन्ही बाजूंनी खाडीचा वारा आहे. खाडीकाठच्या पाच गावांत ग्रामपंचायतीचे रेडिओ आहेत, वीज कुठेच नाही. बॅटरी उतरली की पेणला जाते आणि पंधरा दिवसांनी येते, तोवर रेडिओवर पोरं चढून बसतात. रेडिओखात्याच्या साहेबांना मी सांगितलं, मी इथेच भरून देतो. ते म्हणाले, फेब्रुवारीअखेरपर्यंत पाचही रेडिओ बोलते ठेव, काम तुझं. नाही ठेवलेस तर पुन्हा पेण.

आणि मला पुन्हा गिरगाव. साहेब हे बोलले नाहीत, मी माझ्या बायकोजवळ, कमळजवळही बोललो नाही. पण काल ती माझी मुंबईची ट्रंक माळ्यावर पार मागे सरकवत होती, हात पोचू नये इतकी मागे.

२३ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टर तयार झाला. बॅटरीची नाडी पाहणाऱ्या माझ्या पेटीला हे नाव हिरामणने ठेवलं. नुसते व्होल्ट मोजले तर मरायला टेकलेली बॅटरीही ताठ उभी राहते. तिच्यावर ओझं टाकावं लागतं, मग खरं काय ते कळतं. म्हणून मी पेटीत लोखंडी तारेचं भेंडोळं बसवलंय. खटका दाबला की बॅटरीचा जोर त्या तारेत जातो, तार तापते, आणि पंधरा आकडे मोजेपर्यंत सुई कुठे उतरते ते बघायचं. तबकडीवर आकड्यांऐवजी कमळने तीन रंग दिलेत. हिरवा म्हणजे धडधाकट, पिवळा म्हणजे थकलेली, तांबडा म्हणजे गेली. आकडा न वाचणाऱ्यालाही कळलं पाहिजे.

बॅटऱ्या पाच गावांना न्यायच्या-आणायच्या त्या हिरामणच्या होडीतून. हिरामण माझ्याबरोबर तिसरीपर्यंत शाळेत होता. पुढे मी मास्तरांच्या मागे लागलो, तो भरती-ओहोटीच्या. तो पेटीकडे बघून म्हणाला, "माजी बायको नीरा हिला लाव. तिची सुई तांबड्यावरशी हालत न्हाय." कमळ पदर तोंडाला लावून हसत होती.

२ डिसेंबर, मंगळवार

वाईट दिवस. बॅटरीत घालायचं पाणी मुंबईहून काचेच्या बरणीत मागवलं होतं, ते लाँचवरून उतरवताना हमालाने धक्क्यावर आपटलं. वाफेचं पाणी, कंपनीचं. आता दुसरी बरणी येईस्तोवर महिना जाईल. बॅटरी भरताना तिचं पाणी कमी होतं, वरून घातलं नाही तर आतली शिशाची पाती उघडी पडून जळतात.

पण अडला हरी इत्यादी. आमच्या गावची देवळामागची विहीर पंचक्रोशीत गोडी. आजूबाजूला मिठागरं असून आमचं पाणी कसं गोड, हे सांगताना म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. तेच वापरायचं ठरवलं, पण अडाण्यासारखं नाही. तीनदा फडक्यातून गाळलं आणि कमळला सांगितलं, चार हंडे उकळून आटवून एक कर, म्हणजे उरेल ते अस्सल पाणी.

कमळ म्हणाली, "अवो, या पाण्यात डाळ शिजत नाही. चहा केला तर दूध नासल्यागत होतंय." तिचं माहेर सुधागडच्या पायथ्याशी, झऱ्याचं पाणी पिऊन वाढलेली. लग्नाला आठ वर्षं झाली तरी माहेरच्या पाण्याचं कौतुक सरत नाही. मी स्वतः एक तांब्या पिऊन बघितलं. गोड होतं.

१४ डिसेंबर, रविवार

पाचही रेडिओ चालू! बोरव्याच्या सरपंचांनी हिरामणबरोबर वालाच्या शेंगा पाठवल्या. पालेखारला बायका कामगारांचा कार्यक्रम ऐकायला जमतात, जुनाबांधला भजन लागलं की म्हातारे रेडिओच्या पाया पडतात. मी प्रत्येक बॅटरी निघताना डॉक्टर लावतो, सुई हिरव्यावर. हिरामणलाही खटका दाबायला देतो. तो पंधरा आकडे मोठ्याने मोजतो, आणि बाराच्या पुढे अडखळतो.

आज बऱ्याच दिवसांनी खोकला नाही. मी सुखी आहे असं लिहायला माणसाला लाज का वाटावी? सुखी आहे.

२७ डिसेंबर, शनिवार

बोरव्याचा रेडिओ बंद. बॅटरी भरून जाऊन पाचच दिवस झाले, पंधरा दिवस चालायला हवी. परत आली ती डॉक्टरला लावली, सुई तांबड्यात. निघताना हिरवी होती, मी स्वतः बघितली होती. रेडिओवाल्या पोराने तारा उलट्या लावल्या असणार.

३ जानेवारी १९५९, शनिवार

कासळ बंद, पालेखार बंद, बोरवं पुन्हा बंद. कुणी चार दिवसांत, कुणी सहा. पाच गावांत पाच पोरं तारा उलट्या लावणार नाहीत. इथून हिरवी जाते, तिथे तांबडी होते. मधे आहे काय? खाडी, आणि हिरामणची होडी.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण तो चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायला अंधाराच्या भरतीला जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. आतापर्यंत पलिता न्यायचा. बॅटरीवर मोटारचा एक दिवा लावला तर चिंबोरी जागची हलत नाही, हे मीच त्याला एकदा गमतीत सांगितलं होतं.

९ जानेवारी, शुक्रवार

आज बोललो. एकांतात बोलायचं ठरवलं होतं, पण साहेबांचं पत्र सकाळी आलं, "कामाबद्दल तक्रारी येत आहेत", आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. गिरणीत भात घेऊन आलेली वीसेक माणसं होती. हिरामण मेलेल्या बॅटऱ्या उतरवत होता. मी त्या फळीवर ओळीने मांडल्या आणि एकेकीला डॉक्टर लावला. तांबडा, तांबडा, तांबडा. मग म्हणालो, "हिरामण, चिंबोऱ्या किती मिळाल्या?"

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो बॅटरीकडे बघत राहिला.

"तुला वाटतं मी चोरली बिजली?"

"मला काही वाटत नाही. डॉक्टर खोटं बोलत नाही."

"सुई सांगते बॅटरी मेली. कोनी मारली त्ये बी सांगते काय तुजी सुई?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, जेलात जाऊन आयलेला माणूस, त्याला काय. चार वर्षांपूर्वी हातभट्टीच्या गुन्ह्यात हिरामणने तीन महिने काढलेत. त्यानंतर त्याने थेंब गाळला नाही, हे मला ठाऊक होतं. मी ते बोलायला हवं होतं. बोललो नाही. तो होडीकडे गेला, गोणपाट काढून आणलं, ज्यात तो बॅटऱ्या गुंडाळून न्यायचा, ॲसिडने होडीची फळी जळू नये म्हणून. घडी घालून माझ्या पायाशी ठेवलं आणि गेला.

आता बॅटऱ्या चांगदेवदादाच्या बैलगाडीतून बांधाबांधाने जातील. एक दिवस जास्त लागेल, पण पोचतील तरी हिरव्या.

१८ जानेवारी, रविवार

बैलगाडीतून गेलेली कासळची बॅटरी पाच दिवसांत बंद. रस्ता खडबडीत आहे, धक्क्याने पाती हलली असणार.

कमळ पाणवठ्यावरून आली ती हंडा आदळूनच. हिरामणच्या मुलीचं, केसरचं, बोरव्याला लग्नाचं बोलणं चाललं होतं, सुपारी फुटायची बाकी. त्या पाहुण्यांनी आता निरोप पाठवलाय, "बघू पुढच्या साली." कोळंबीवाल्या बायकाही हिरामणच्या होडीत टोपल्या ठेवत नाहीत. मी म्हणालो, त्याला मी काय करू? कमळ चुलीकडे वळली. जेवताना वाढलं, पण समोर बसली नाही.

२५ जानेवारी, रविवार

एकदाचा सोक्षमोक्ष लावतो. पंचायतीची एक बॅटरी भरून, हिरवी करून, आमच्याच खोलीत, पूर्वी ट्रंक असायची त्या जागी ठेवली आहे. शेजारी माझी स्वतःची, मुंबईहून आणलेली, जी अजून कशाला जोडलेली नाही. दाराला कुलूप, किल्ली माझ्या जानव्याला असती जर जानवं असतं तर, तूर्त करगोट्याला. आठ दिवस कुणी हात लावायचा नाही. पंचायतीची हिरवी राहिली म्हणजे हिरामणचा गुन्हा साबित.

२ फेब्रुवारी, सोमवार

कुलूप जसंच्या तसं. पंचायतीची बॅटरी तांबडी. माझी हिरवी.

दोनदा लावून बघितली. मग डॉक्टरच उघडून तार तपासली. डॉक्टर बरोबर आहे.

हिरामण या खोलीत आला नाही. बैल आले नाहीत. रेडिओ नाही, पोर नाही. पातीच निकृष्ट असतील, खात्याने स्वस्तातल्या बॅटऱ्या दिल्या असतील. हे मी कमळला समजावून सांगत होतो, आणि ती तांदूळ निवडत ऐकत होती. मग तिने एवढंच विचारलं, "पंचायतीच्या बॅटरीत आणि तुमच्या बॅटरीत तुम्ही वेगळं काय घातलं?"

काही नाही, म्हणालो. दोन्हीत तेच ॲसिड. फक्त माझ्या बॅटरीत अजून पाणी घालायची वेळ आली नाही.

ती म्हणाली, "हं."

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज कमळने मला चुलीजवळ बोलावलं. तवा वर होता. म्हणाली, "बॅटरीसाठी आटवून ठेवलेलं पाणी यात ओतते. बघत राहा." एक तांब्या ओतलं, तड तड करून आटलं. आणखी एक. तिसऱ्याला तव्याच्या कडेला पांढरी रेघ आली. पाचव्याला तवा मधोमध पांढरा. तिने बोटाने थोडं खरवडून माझ्या जिभेवर ठेवलं.

मीठ.

माझ्या बापाने चाळीस वर्षं मिठागरात काढली. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, पाणी उडतं आणि मीठ राहतं, हे मी चालायच्या आधी शिकलो. आणि मीच बायकोला सांगितलं, चार हंडे आटवून एक कर! चार हंड्यांचं मीठ एका हंड्यात आणून मी दोन महिने ते पाच गावच्या बॅटऱ्यांना पाजलं. मिठाच्या पाण्याने बॅटरी बसल्या जागी आतल्या आत उतरते. भरली की पहिल्या दिवशी हिरवी दिसते, पाचव्या दिवशी मेलेली असते. गिरगावातला झाडूवाला पोरगाही हे सांगेल.

आमच्या जिभा जन्मापासून मिठात मुरलेल्या, आम्हाला ते पाणी गोड लागणारच. कमळला नाही लागलं. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आज तिने "मी म्हटलं होतं" असं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने तवा उतरवला आणि भाकरी टाकल्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

हिरामणच्या घराच्या वळणापर्यंत दोनदा गेलो. दोनदा परतलो.

विचार आला तो लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही. पाणी बदललं की बॅटऱ्या टिकतील. सगळे म्हणतील, हिरामण गेला आणि रेडिओ सुधारले. मी काहीच बोललो नाही तरी चालेल, साहेबांना काही कळणार नाही, काम मिळेल. तोंड उघडलं तर पंचायतीच्या बॅटऱ्या मीच बिघडवल्या हे लेखी होईल, आणि मग गिरगाव. वाफेची ती खोली आठवली की अजून श्वास अर्ध्यात अडतो.

इतका हलका विचार माझ्या डोक्यात येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार

आधी साहेबांना पत्र टाकलं, सगळं खरं लिहून, म्हणजे परतायची वाट राहू नये. मग हिरामणकडे गेलो.

नीराबाई ओटीवर जाळं विणत होती. "भावजी, उंबरा चढू नका," म्हणाली. मी अंगणातच उभा राहिलो आणि सांगितलं. पाणी, मीठ, तवा, सगळं. हिरामण आतून ऐकत होता. बाहेर आला, खांबाला टेकला.

"म्हंजे तूच मारल्या."

"मीच."

"आनि आता आयलास ते कशाला? चिठ्ठी देनार?"

मी म्हणालो, पाचही सरपंचांना चिठ्ठ्या लिहितो, मास्तर वाचून दाखवतील.

"चिठ्ठी नको." त्याचा आवाज चढला नाही. "माझ्यावर आळ घेतलास तो तोंडानं, वीस मानसांत. आता पाची गावांत माझ्या होडीतून यायचा, आनि तोंडानं सांगायचा. मी बाजूला उभा ऱ्हानार."

मी व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तेवढ्यात नीराबाई विणता विणता बोलली, "आनि पानी? पानी कुठून आननार भावजी?"

वाफेचं हवं, म्हणालो. उकळायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं, वाफ धरून थंड करायची, तेच घ्यायचं. पाऊस जूनशिवाय नाही, मुंबईची बरणी महिन्यात यायची ती अजून आलेली नाही. नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं. वाफ धरायची कशी, हे या गावात हिरामणइतकं कुणाला येतं!

"ती भट्टीची मडकी मी माझ्या हातानं फोडली, शपथ घालून," नीराबाई म्हणाली. मग तिने जाळ्याला गाठ मारून दोरा तोडला. "नवी आनायची. कोरी. आनि दारात मांडायची, भर दिवसा. चोरून काय बी होनार न्हाय."

१५ फेब्रुवारी, रविवार

मडक्यावर मडकं, मधे वेळूची नळी, खाली बाटली. पाण्याचा पहिला थेंब दहा वाजता पडला आणि अकरा वाजता जमादार आला. कुणी कळवलं देव जाणे. त्याने काठीने मडकं ठोकलं, बाटलीला नाक लावलं, पुन्हा लावलं. मग एक घोट घेतला, आणि त्याचं तोंड इतकं पडलं की अंगणातली पोरंही हसली. "हे तर पानीच हाय!" म्हणाला. हिरामण गंभीरपणे म्हणाला, "जमादारसाहेब, आनखी घ्या. बॅटरीला मिल्ता, तुमाला का न्हाय."

मी जमादाराला पत्राची नक्कल दाखवली, डॉक्टर लावून दाखवला. तो जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "शिकला सवरलेला, आनि मीठ वलखला न्हाय." उद्या हे सगळ्या पेणभर होणार.

बॅटऱ्यांतलं जुनं ॲसिड काढलं, या पाण्याने पाती चारचारदा धुतली, नवं ॲसिड भरलं. तीन कायमच्या गेल्या. बाकीच्या आठ दिवस ठेवून बघतो, मगच नेणार.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आठ दिवस झाले, सगळ्या हिरव्या. पाच गावांना एकेक पुरेल.

साहेबांचं उत्तरही आलं. तीन ओळी. काम देण्याचा विचार तूर्त स्थगित. मेअखेर पाचही रेडिओ अखंड चालले तर पुन्हा कळवावे. मी कमळला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "मेअखेर म्हणजे गिरगाव नाही ना अजून?" अजून नाही, म्हणालो. एवढ्यावर तिने गूळ काढला, मला तर काही गोड वाटेना. उद्या सकाळच्या भरतीला निघायचंय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

होडीत हिरामण वल्ह्यावर, मी पाच बॅटऱ्यांजवळ. 

जुनाबांधला पारावर माणसं जमवली. मी सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, मग इतके दिवस आमचं भजन तू बुडवलंस की. मी व्हय म्हणालो. पालेखारला बायका होत्या, त्या तोंडावर हसल्या, मिठागरवाल्याला मीठ कळलं नाही म्हणून. एकीने विचारलं, घरी बायको आलनी जेवन देते काय रे? कासळला सरपंच चिडले, दोन महिने गाव मुकं ठेवलंस, वर गरिबावर आळ घेतलास, तुला या गावात कुणी पाणीही विचारणार नाही म्हणाले. तिथे मला खोकल्याची उबळ आली, वाक्य तीनदा सुरू करावं लागलं. हिरामण बाजूला उभा होता, ठरल्याप्रमाणे. माझ्याकडे बघत नव्हता, पाण्याकडे बघत होता.

चौथं बोरवं. मला कासळपेक्षा याचीच भीती होती. केसरला बघायला आलेले ते पाहुणे, बाप आणि मुलगा, पंचायतीच्या पायरीवरच बसलेले दिसले. मी मनाशी वाक्य जुळवत होतो: हिरामण निर्दोष आहे, दोष माझा आहे. इथे खोकायचं नाही, इथे नीट, स्वच्छ बोलायचं, या माणसाचं एवढं देणं आहे माझ्यावर.

तोंड उघडलं, तर हिरामणने माझ्या दंडाला धरलं.

"ऱ्हाऊ दे. हितं मी सांगतो."

मी म्हणालो, हिरामण, इथेच तर मी बोलायला हवं. त्याने ऐकलं नाही. पुढे झाला, बॅटरी पायरीवर ठेवली आणि मुलाच्या बापाकडे तोंड करून बोलला, "बॅटऱ्या मेल्या त्या पान्यानं. दयारामाला कललं न्हाय, मला बी कललं नसतां. कललं तसा त्यो माझ्या दारात आयला. आता पानी आमी दोगं मिलून करतांव. माझा दोस्त हाय त्यो. लावा रेडिओ."

पोराने तारा जोडल्या. रेडिओ खरखरला आणि बोलायला लागला, बाजारभाव सांगत होता. मुलाच्या बापाने हिरामणला पायरीवर बसायला जागा करून दिली. मी मात्र तिथे थांबू शकलो नाही. होडीपाशी आलो, उरलेल्या एका बॅटरीवर गोणपाट पांघरलं आणि नऊ वर्षांत दुकानात जितका रडलो नव्हतो तितका रडलो.